पार्श्वभूमी : सबनेटच्या हिशेबातलं जादा ‘वजा दोन’

इंटरनेटच्या (आयपी) पत्त्याचा एक भाग नेटवर्क सांगतो आणि उरलेला त्यातलं यंत्र, म्हणजे होस्ट. होस्टच्या भागातले काही बिट घेऊन नेटवर्कचे लहान तुकडे पाडले की त्यांना सबनेट म्हणतात. होस्टच्या आठ बिटांपैकी तीन बिट सबनेटसाठी काढून घेतले, तर सबनेट किती होतात? कुणी आठ म्हणतं, कुणी सहा. आठवाले दोनाचा तिसरा घात दाखवतात. सहावाले त्यातून दोन वजा करतात आणि तसं छापलेलं पुस्तक पुढे करतात. गंमत अशी की दोन्ही उत्तरं आपापल्या काळात बरोबर होती. होस्टच्या संख्येतून दोन का वजा करायचे यावर वाद नाही : एक पत्ता नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकदम हाक घालण्याचा. सबनेटच्या संख्येतून जे दोन वजा व्हायचे त्यांचा जन्म १९८५ चा आणि मृत्यू १९९५ चा. मृत्यूची बातमी मात्र अजून सगळीकडे पोचलेली नाही.

हे ‘वजा दोन’ आलं कुठून, हे कळायला पत्त्यांचे क्लास, म्हणजे ठराविक मापाचे वर्ग, येण्याच्या आधीपासून सुरुवात करावी लागते. इंटरनेट प्रोटोकॉलच्या जानेवारी १९८० च्या मसुद्यात बत्तीस बिटांच्या पत्त्याचे पहिले आठ बिट नेटवर्कचे आणि उरलेले चोवीस आतल्या यंत्रांचे, अशी सरसकट वाटणी होती. साऱ्या जगाला मिळून अडीचशेच्या आसपास नेटवर्क पुरतील, असा त्यामागचा अंदाज. नेटवर्क म्हणजे दूरवर पसरलेलं, महागडं, मोजक्या संस्थांचं प्रकरण, अशी तेव्हाची समजूत असल्याने तो हास्यास्पद नव्हता. मग लॅन (एका जागेपुरतं जाळं) आली आणि एकेका इमारतीचं स्वतंत्र नेटवर्क होऊ लागलं. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं मांडणारे क्रमांकित कागद) ए, बी, सी हे क्लास आले. ए क्लासच्या नेटवर्कमध्ये १,६७,७७,२१४ होस्ट, बीमध्ये ६५,५३४ आणि सीमध्ये २५४. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याने, जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला, तो याच पत्तापद्धतीसह.

क्लासच्या व्यवस्थेतली एक खुबी पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. पत्ता कुठे तोडायचा हे पत्ता स्वतःच सांगायचा. पहिला बिट ० असेल तर आठव्या बिटानंतर, १० ने सुरुवात असेल तर सोळाव्यानंतर, ११० असेल तर चोविसाव्यानंतर. राउटरला, म्हणजे माहितीची पॅकेटं एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाठवणाऱ्या यंत्राला, दुसरं काही विचारायची गरज नव्हती. त्यामुळे राउटरनी एकमेकांना पाठवायच्या माहितीत नुसता नेटवर्कचा आकडा असायचा. पत्ता कुठे तुटतो ते वेगळं सांगणारा मास्क नावाचा प्रकार नव्हताच, तर पाठवणार कसा?

विद्यापीठांत आणि मोठ्या कंपन्यांत एकाच आवारात पाच-पंचवीस लॅन झाल्या, तेव्हा या सोयीची अडचण झाली. प्रत्येक लॅनला वेगळा नेटवर्क क्रमांक द्यावा, तर जगभरच्या राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कोणत्या नेटवर्कसाठी कुठे जायचं याच्या यादीत, तितक्या ओळी वाढतात, आणि दुसऱ्या टोकाच्या राउटरला या आवारातल्या तिसऱ्या इमारतीशी काही घेणंदेणं नसतं. सगळ्या लॅनना एकच क्रमांक द्यावा, तर आतल्या आत पॅकेट कुठे पाठवायचं ते कळत नाही. १९८४ च्या ऑक्टोबरात यावर पहिला सविस्तर प्रस्ताव आला आणि पुढचे दहा महिने पर्यायांची चढाओढ चालली. आतली विभागणी कुणाला दिसूच नये, लॅनवर पत्त्यावरून यंत्र शोधणाऱ्या एआरपी या प्रोटोकॉललाच ती सांभाळू द्यावी, असं एक मत होतं. सबनेटचा भाग कायम आठच बिटांचा ठेवावा, असाही एक विचार होता. शेवटी मास्क जिंकला. ऑगस्ट १९८५ च्या आरएफसी ९५० ने तो मानक केला.

मास्क जिंकला, पण निम्मा. आवारातल्या प्रत्येक यंत्राला तो ठाऊक असणं आवश्यक होतं. म्हणून सुरू होताना ‘माझा मास्क कोणता?’ असं नेटवर्कला विचारायची सोयही आयसीएमपी या निरोपांच्या प्रोटोकॉलमध्ये घातली गेली. राउटरनी आपसांत बोलायची भाषा मात्र तीच राहिली. रिप या राउटिंग प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीत मास्कला जागाच नव्हती. म्हणजे पत्ता कुठे तुटतो हे आता पत्त्यावरून कळत नव्हतं, आणि जिथे ते लिहायला हवं होतं तिथे लिहायची सोय नव्हती.

आता १७२.१६.०.० हे बी क्लासचं नेटवर्क घ्या आणि आतला मास्क चोवीस बिटांचा करा. पहिलं सबनेट १७२.१६.०.०, दुसरं १७२.१६.१.०, असं करत शेवटचं १७२.१६.२५५.०. शेजारच्या राउटरकडून ‘१७२.१६.०.० कडे जायला माझ्याकडे या’ असा निरोप आला. हा निरोप अख्ख्या नेटवर्कबद्दल आहे, की त्यातल्या शून्य क्रमांकाच्या सबनेटबद्दल? मास्क सोबत असता तर प्रश्न उद्भवलाच नसता. मास्क नसताना दोन्ही अर्थ एकाच आकड्यात बसतात. दुसऱ्या टोकालाही तेच. १७२.१६.२५५.२५५ हा शेवटच्या सबनेटचा ब्रॉडकास्ट की सगळ्या सबनेटना एकदम घातलेली हाक? तशी एकदम हाक घालण्याची कल्पना तेव्हाच्या मानकांत होती. प्रत्यक्षात ती नीट चालायची नाही, हा भाग वेगळा.

आरएफसी ९५० ने यावर काढलेला तोडगा एका वाक्यात मावतो : सबनेटच्या बिटांत सगळी शून्यं किंवा सगळे एक येत असतील, तर तो क्रमांक खऱ्या सबनेटला देऊ नये. शून्याचा अर्थ ‘हे’ आणि सगळ्या एकांचा अर्थ ‘सर्व’, हा होस्टच्या भागात रुळलेला संकेत सबनेटच्या भागातही पाळायचा, हे त्यामागचं समर्थन. ‘वजा दोन’ ते इथून.

निर्णय घेणाऱ्यांना दोष देण्याआधी त्यांच्यासमोरची परिस्थिती पाहिली पाहिजे. ब्रॉडकास्टचा पत्ता कोणता, यावरही तेव्हा एकमत नव्हतं. १९८३ मध्ये एका विद्यापीठातून निघालेली युनिक्सची आवृत्ती होस्टच्या जागी सगळी शून्यं घालून ब्रॉडकास्ट करायची. ती इतकी पसरली होती की पुढच्याच वर्षी मानकाने ‘ब्रॉडकास्ट म्हणजे सगळे एक’ असं ठरवल्यावरही काही वर्षं एकाच लॅनवर दोन्ही मतांची यंत्रं नांदत होती. अशा वातावरणात शंकास्पद आकडे बाजूला ठेवणं हा शहाणपणाच वाटला असणार. तरीही मला तो निर्णय पटत नाही. अडचण दोन सबनेटची नव्हती, मास्क न पाठवणाऱ्या राउटिंग प्रोटोकॉलची होती. दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, असं झालं. आणि पट्टी दिसते म्हणून दुखणं बरं करण्याची घाई कुणाला वाटली नाही.

पट्टीची किंमत किती, ते सी क्लासच्या एका नेटवर्कवर मोजता येतं. एक बिट सबनेटला दिला तर दोन सबनेट, वजा दोन, उरलं शून्य. म्हणजे नेटवर्कचे सरळ दोन भाग करणं हा सर्वांत साधा विभागच नियमाने अशक्य होता. दोन बिट दिले तर चारातले दोन सबनेट उरतात, प्रत्येकी ६२ होस्टचे, एकूण १२४. नियम नसता तर २४८ मिळाले असते. तीन बिटांना १८०, चार बिटांना १९६, पाच बिटांना पुन्हा १८०, सहा बिटांना परत १२४. कसंही कापा, दोनशेचा आकडा गाठता येत नाही. बी क्लासमध्ये आठ बिट वापरून २५६ पैकी दोन सबनेट सोडणाऱ्याला हे बोचलं नाही. नियम बेतला होता त्याच्याच मापाने. बोचलं ते पुढच्या दशकात, लहान संस्थांच्या हाती एकेक सी क्लास पडू लागला तेव्हा.

आणि ते पडू लागण्याचं कारण म्हणजे बी क्लास संपत आले होते. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, आणि या सगळ्या कहाणीतला सर्वांत जिवंत काळ तोच. हजार-दोन हजार यंत्रं असलेल्या संस्थेला सी अपुरा पडायचा आणि ए अवाढव्य, म्हणून सगळे बी मागायचे. ६५,५३४ पत्ते घेऊन दोन हजार वापरायचे आणि बाकीचे कुजवायचे. बी क्लास एकूण १६,३८४ च होते. त्याऐवजी आठ सी दिले तर पत्ते वाचतात, पण जगाच्या राउटिंग टेबलमध्ये एकाऐवजी आठ ओळी जातात, आणि तेव्हाच्या राउटरची स्मृती आधीच तुडुंब होती.

उत्तर क्लास मोडण्यात होतं. आठ सलग सी एकत्र बांधायचे, त्यांना एकच प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा समान भाग) द्यायचा, स्लॅश एकवीस, म्हणजे पहिले एकवीस बिट नेटवर्कचे, आणि टेबलमध्ये एकच ओळ ठेवायची. १९९२ च्या जूनमध्ये हा विचार ‘सुपरनेटिंग’ या नावाने पुढे आला आणि सप्टेंबर १९९३ मध्ये ‘सायडर’ म्हणून मानकात शिरला. पत्ता कुठे तुटतो हे आता पत्ता सांगणार नव्हता. स्लॅशनंतरचा आकडा सांगणार होता, आणि तो आकडा प्रत्येक निरोपासोबत जाणार होता. मोठमोठ्या जाळ्यांमधल्या बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती तो घेऊन जायची. आवाराच्या आत ओएसपीएफ हा प्रोटोकॉल तो नेत होताच, आणि रिपच्या दुसऱ्या आवृत्तीतही १९९३ मध्ये त्याला जागा मिळाली.

बाकी सगळे या बदलाकडे पत्ते वाचवण्याची युक्ती म्हणून बघतात, आणि ते खरंही आहे. पण आपल्या ‘वजा दोन’साठी त्याचा अर्थ निराळा होता. मास्क निरोपात आला त्याच क्षणी १७२.१६.०.० स्लॅश सोळा आणि १७२.१६.०.० स्लॅश चोवीस या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. गोंधळ उरला नाही, म्हणजे बंदीचं कारणही उरलं नाही. जून १९९५ मध्ये राउटरसाठीच्या नव्या नियमावलीने सगळ्या सबनेटना एकदम हाक घालण्याची कल्पनाच निरर्थक ठरवली, कारण ‘अख्खं नेटवर्क’ म्हणजे कोणतं, हे सांगणारा क्लासच राहिला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या आरएफसी १८७८ ने सबनेटमधून दोन वगळण्याची प्रथा कालबाह्य असल्याचं उद्गारचिन्हासह लिहिलं. अशा कागदांत उद्गारचिन्ह क्वचितच दिसतं. लिहिणाऱ्याचा वैताग त्यातून कळतो.

तरी नियम मेला नाही. राउटर विकणाऱ्या एका बड्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य क्रमांकाचं सबनेट मुळात बंद असायचं. ते चालू करायला एक वेगळी कमांड द्यावी लागे. त्याच सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या एकांच्या शेवटच्या सबनेटला मात्र परवानगी होती. म्हणजे पुस्तकात वजा दोन, यंत्रात वजा एक आणि मानकात वजा शून्य, अशी तीन उत्तरं एकाच वेळी प्रचलित होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून ती कमांड आपोआप लागू झाली. प्रमाणपत्र परीक्षांचे प्रश्नसंच, शिकवणीच्या नोट्स आणि इंटरनेटवरचे सबनेट कॅल्क्युलेटर यांनी मात्र ही सुधारणा सावकाश घेतली. सूत्र पाठ करून आलेला विद्यार्थी कामावर रुजू होतो, तिथे १९२.१६८.१.० स्लॅश सव्वीस हे शून्य क्रमांकाचं सबनेट सुरळीत चालताना पाहतो आणि आपलंच काही चुकतंय असं समजतो.

‘क्लास सी’ हा शब्दही असाच उरला आहे. १०.२०.३०.० स्लॅश चोवीसला बिनदिक्कत क्लास सी म्हणणारे जाणते इंजिनिअरही भेटतात. जुन्या व्याख्येने तो ए क्लासचा तुकडा आहे, नव्या व्याख्येने त्याला क्लासच नाही. पण ‘स्लॅश चोवीस’पेक्षा तोंडाला सोपं पडतं, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही.

पुढचा इतिहास पत्त्यांच्या टंचाईचा आहे. मार्च १९९४ मध्ये खाजगी, म्हणजे फक्त आवाराच्या आत वापरायच्या पत्त्यांची कल्पना कागदावर आली. चारच महिन्यांत तिला हानिकारक म्हणणारा दुसरा कागद आला. फेब्रुवारी १९९६ मध्ये दोन्ही बाजू एकत्र बसून आरएफसी १९१८ झाला. १० ने सुरू होणारा सर्वांत मोठा खाजगी गट मुळात अर्पानेटचा क्रमांक. ते जाळं १९९० मध्ये बंद झाल्याने तो मोकळा होता. नॅटचा, म्हणजे बाहेर जाताना खाजगी पत्ता सार्वजनिक पत्त्यात बदलण्याच्या पद्धतीचा, कागदही १९९४ चाच, तात्पुरता उपाय म्हणून मांडलेला. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच स्लॅश आठ वाटले गेले. २०१२ मध्ये १००.६४.०.० स्लॅश दहा हा गट खास इंटरनेट सेवा कंपन्यांच्या आतल्या नॅटसाठी राखून ठेवावा लागला. २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेचा आणि २०१९ च्या नोव्हेंबरात युरोपचा साठा आटला. एवढी ओढाताण चालू असताना स्वतःशीच बोलण्यासाठी राखलेला १२७ चा गट १,६७,७७,२१६ पत्ते अडवून बसलाच आहे, आणि २४० पासून पुढचे २६ कोटींहून अधिक पत्ते ‘भविष्यासाठी’ राखीव आहेत. १९८१ मधलं भविष्य अजून यायचं आहे, असं दिसतं.

टंचाईने दुसऱ्या, म्हणजे निर्विवाद समजल्या गेलेल्या ‘वजा दोन’लाही हात घातला. दोन राउटर जोडणाऱ्या तारेवर दोनच यंत्रं असतात. तिथे स्लॅश तीस लावला तर चारातले दोन पत्ते नेटवर्क आणि ब्रॉडकास्टमध्ये जातात. तारेच्या दुसऱ्या टोकाला एकच जण असताना ब्रॉडकास्ट कुणासाठी? डिसेंबर २००० मध्ये अशा जोडणीवर स्लॅश एकतीस वापरायला मानकाने मान्यता दिली, दोन पत्ते आणि दोन्ही वापरात. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत तर ब्रॉडकास्ट नाहीच, त्यामुळे वजा करायला तो पत्ताही नाही. लॅनच्या सबनेटमध्ये होस्टसाठी चौसष्ट बिट असतात आणि त्यात किती यंत्रं बसतील हा हिशेब कुणी मांडत नाही. जुन्या राउटरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वरच्या काही ओळींत शून्य सबनेटला परवानगी देणारी ती कमांड मात्र अजूनही दिसते. ती कशासाठी आहे हे ठाऊक नसलेले लोक ती नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवून घेतात.