टीव्हीचा लाकडी स्टँड: फळीची मजबुती आणि फळीचा ताठपणा

टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवण्यासाठी स्वतःच्या मापाचा लाकडी स्टँड करायचा ठरला की सर्वांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो: फळी एवढे वजन पेलेल ना? त्यावरचे उत्तरही ठरलेले असते: अठरा मिलिमीटरची फळी आहे, माणूस उभा राहिला तरी मोडणार नाही. हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते, पण त्याने स्टँडबद्दल फारसे काही कळत नाही. माझ्या पहिल्या स्टँडच्या वेळी सुताराने खरोखरच फळीवर उभे राहून दाखवले होते आणि माझी पूर्ण खात्री पटली होती. आठ महिन्यांनी त्याच फळीखालचे काचेचे सरकते दार मधोमध अडकू लागले. फळीला कुठे चीर गेली नव्हती, एकही सांधा निखळला नव्हता, पण दोन टोकांना दोरा ताणून मोजले तेव्हा फळीचा मध्य अकरा मिलिमीटर खाली गेलेला होता. फळी मजबूत होती, पण ताठ नव्हती. हे दोन गुण एकच आहेत असे समजून लाकूड निवडले जाते, आणि तीच चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता ती सविस्तर लिहून काढणे भाग आहे.

मजबुतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती सर्वांना कळते. फळी किती वजनाला मोडेल, हे मजबुती सांगते. ताठपणा वेगळा प्रश्न विचारतो: मोडण्याच्या कितीतरी आधी, रोजच्या वजनाखाली, ती किती वाकेल? घरातल्या उपकरणांच्या वजनाने स्टँडची फळी मोडल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. वाकलेल्या फळ्या मात्र घरोघरी दिसतात.

हे दोन गुण मापांप्रमाणे सारख्या प्रमाणात बदलत नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच आहे. दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले आणि एकूण वजन तेवढेच ठेवले, तर फळीवरचा ताण दुप्पट होतो, म्हणजे मजबुतीच्या हिशेबात ती निम्मी उरते. बाक, म्हणजे फळीचा मध्य वजनाखाली जितका खाली जातो ते अंतर, मात्र दुप्पट न होता आठपट होतो, कारण तो लांबीच्या घनाने वाढतो. वजनही लांबीबरोबर वाढणारे असेल, तर गोष्ट आणखी पुढे जाते. ग्रामोफोनच्या एलपी तबकड्यांची उभी रांग मीटरला पन्नास किलोहून अधिक भरते. अशा रांगेखालच्या फळीची लांबी दुप्पट केली, की वजनही दुप्पट होते आणि बाक सोळापट. जाडीचा परिणाम याच्या उलट, म्हणजे आपल्या फायद्याचा आहे. जाडी दुप्पट केल्यास मजबुती चौपट होते आणि ताठपणा आठपट. फळीची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतची रुंदी, वाढवून मात्र फारसे साधत नाही. ती दुप्पट केली तर बाक फक्त निम्मा होतो, आणि तेवढ्यासाठी लाकूड दुप्पट लागते.

प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. १२०० मिलिमीटर लांब, ४०० मिलिमीटर खोल आणि १८ मिलिमीटर जाड अशी एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबून केलेल्या तक्त्याची) फळी दोन टोकांना नुसती टेकवली आहे आणि तिच्यावर २५ किलो वजन सारखे पसरले आहे, असे समजा. तिच्यात निर्माण होणारा ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे १.७ न्यूटन इतकाच असतो, आणि चांगले एमडीएफ वाकवताना मोडण्यापूर्वी याच्या दहापटीहून अधिक ताण सोसते. म्हणजे फळीवर उभ्या राहणाऱ्या सुताराचे काही चुकलेले नसते. पण हीच फळी त्याच वजनाखाली मध्यभागी सुमारे साडेनऊ मिलिमीटर खाली जाते, आणि यात फळीचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. मीटरमागे दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बाक आला की तो डोळ्याला दिसू लागतो, हे लक्षात घेतले तर ही फळी पहिल्याच दिवशी नापास ठरते. तेच २५ किलो वजन पसरलेले नसून एका जड अ‍ॅम्प्लिफायरच्या रूपाने बरोबर मध्यावर ठेवले, तर बाक आणखी १.६ पट होतो.

शिवाय पहिल्या दिवसाचे माप हे अखेरचे माप नसते. लाकूड आणि लाकडापासून बनवलेले सगळे तक्ते सततच्या वजनाखाली हळूहळू वाकत राहतात. वर्ष-दोन वर्षांत बाक सुरुवातीच्या दुप्पट होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि एमडीएफ व पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेला तक्ता) यांच्या बाबतीत तो त्याहूनही पुढे जातो. वजन काढल्यावर त्यातला काही भाग कायमचा राहतो. म्हणूनच फळीवर दोन मिनिटे उभे राहण्याच्या चाचणीला माझा ठाम विरोध आहे. ती चाचणी मजबुतीची आहे, आणि ताठपणाबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण जो बाक पुढे त्रास देणार असतो तो त्या दोन मिनिटांत पूर्णपणे आलेलाच नसतो. वाकलेली फळी उलटी करून बसवण्याचा सल्लाही मला मान्य नाही. काही महिने ती सरळ दिसते आणि मग दुसऱ्या बाजूने वाकते.

जाडीबद्दलचा एक गैरसमज इतका पक्का आहे की त्यासाठी थोडे थांबावे लागेल. जाडी वाढवण्यासाठी अठरा मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींवर ठेवतात आणि चार-सहा स्क्रू मारून मोकळे होतात. त्यामुळे फळी आठपट ताठ झाली असे वाटते, पण ती जेमतेम दुप्पट ताठ झालेली असते. दोनशे पानी वही हातात धरून वाकवून पाहा: ती सहज वाकते आणि वाकताना तिची पाने कडेला एकमेकांवरून सरकताना स्पष्ट दिसतात. आता तीच पाने एकमेकांना पूर्ण चिकटवलेली असती, तर वही पुठ्ठ्याच्या जाड ठोकळ्यासारखी झाली असती आणि हाताने वाकली नसती. दोन फळ्यांचेही तसेच होते. त्यांच्यातले सरकणे थांबले तरच त्या एक जाड फळी म्हणून वागतात, आणि सरकणे थांबते ते संपूर्ण पृष्ठभागावर डिंक लावून, भरपूर शिकंजे आवळून, तो पूर्ण सुकेपर्यंत दाबून ठेवल्यावर. स्क्रू फळ्यांना एकत्र धरून ठेवतात, पण सरकणे पुरते रोखत नाहीत. डिंकाच्या कामात घाई करणाऱ्या कारागिराकडून ही जोडफळी करून घेण्यापेक्षा २५ मिलिमीटरचा अखंड तक्ता घेतलेला केव्हाही बरा. १८ मिलिमीटरच्या तुलनेत तो सुमारे २.७ पट ताठ असतो.

लाकडाच्या निवडीतही हाच गोंधळ चालतो. पाण्याला टिकणारे महाग प्लायवूड घेतले म्हणजे फळी वाकणार नाही, असे लोक धरून चालतात. पाण्याच्या प्रतिकाराची श्रेणी मुख्यतः थर चिकटवणाऱ्या डिंकाबद्दल बोलते, बाकाबद्दल नाही. बाकासाठी पाहायचे ते लाकडाचा स्वतःचा ताठपणा आणि तंतूंची दिशा. ढोबळमानाने प्लायवूड, वरच्या थराचे तंतू लांबीच्या दिशेने असतील तर, एमडीएफच्या दुप्पट ताठ असते, आणि चांगले सागवान साडेतीन ते चार पट. पार्टिकल बोर्ड एमडीएफपेक्षाही कमी ताठ असते, आणि लांब फळीसाठी ते वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्लायवूडचा तक्ता वाचवण्यासाठी फळी आडवी कापली, की वरच्या थराचे तंतू लांबीऐवजी खोलीच्या दिशेला जातात आणि पैसे मोजून घेतलेला ताठपणा बराचसा वाया जातो. ब्लॉकबोर्डात तर ही चूक आणखी महागात पडते, कारण त्याचा ताठपणा आतल्या लाकडी पट्ट्यांच्या दिशेनेच असतो. त्या पट्ट्या स्टँडच्या लांबीला समांतर असायलाच हव्यात. तक्ते कापायला देताना प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने बाण काढून तंतूंची दिशा दाखवली, तर हा प्रश्न उरत नाही. सागाच्या अखंड फळ्या ऋतूप्रमाणे रुंदीत फुगतात आणि आकसतात, प्लायवूड जवळजवळ स्थिर राहते. हा फरक सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो इथे वाढवत नाही.

बाकावरचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत सुंदर उपाय म्हणजे फळीच्या पुढच्या कडेखाली उभी पट्टी. २० मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर उंच अशी सागाची पट्टी उभी धरली, तर ती एकटीच वर सांगितलेल्या ४०० मिलिमीटर खोल एमडीएफच्या फळीच्या जवळजवळ चौपट ताठ भरते. कारण तेच, जाडीच्या घनाचे: उभ्या पट्टीची पन्नास मिलिमीटर उंची ही वाकण्याच्या दिशेने तिची जाडी असते. हीच पट्टी आडवी लावली तर तिचा हा गुण जवळपास संपतो, आणि तरीही केवळ कड सुबक दिसावी म्हणून ती आडवी लावलेली मी वारंवार पाहतो. पुढची कड पट्टीने सांभाळली, तरी मागच्या कडेलाही आधार हवा. तो पाठीच्या तक्त्याला फळी जोडून सहज मिळतो.

हाच गोंधळ पूर्ण चौकटीच्या बाबतीतही होतो, फक्त तिथे बाकाच्या जागी डुलणे येते. चार जाड खांब, जाड फळ्या आणि मागे काहीच नाही, असा मोकळा स्टँड दिसायला देखणा असतो. त्याचे सांधे मजबूत असतात, तो कोसळत नाही, पण वरच्या कोपऱ्याला एका बोटाने बाजूने ढकलले की टीव्ही हलतो. चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका खिळ्याने जोडून चौकोन केला, तर तो सहज तिरका होतो, आणि तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. चौकोनाला ताठ करायचे असेल तर त्यात तिरका आधार किंवा सलग तक्ता लागतो. खांब आणखी जाड केल्याने या डुलण्यावर होणारा परिणाम अल्प आहे. सहा मिलिमीटरचे प्लायवूड मागे चारही कडांना डिंक आणि स्क्रू लावून बसवल्याचा परिणाम ताबडतोब जाणवतो. अ‍ॅम्प्लिफायरची उष्णता बाहेर पडावी आणि वायर जाव्यात म्हणून मागची बाजू मोकळी हवी, हा आक्षेप योग्य आहे, पण त्यासाठी सगळी पाठ काढून टाकावी लागत नाही. दोन-तीन खणांपैकी एका खणाची पाठ पूर्ण बंद ठेवली तरी चौकट ताठ राहते, आणि अ‍ॅम्प्लिफायर मोकळ्या खणात ठेवता येतो.

टीव्हीच्या बाबतीत एक छोटी गोष्ट सांगायला हवी. पडद्याचे इंच हे कर्णाचे माप आहे; ५५ इंची पडदा रुंदीला सुमारे १२२ सेंटिमीटर भरतो. पायांमधले अंतर त्याहूनही वेगळे असते, त्यामुळे स्टँडची लांबी ठरवण्यापूर्वी ते स्वतः मोजावे. अनेक टीव्हींचे पाय दोन टोकांना असल्यामुळे त्यांचे वजन आधारांजवळ पडते आणि फळी फारशी वाकवत नाही. टीव्हीखाली मध्यावर ठेवलेला जड स्पीकरच खरा त्रास देतो, आणि लोक काळजी मात्र टीव्हीची करतात.

राहता राहिला आधारांमधल्या अंतराचा प्रश्न, आणि इथे उपकरणांची मापेच आपल्या मदतीला येतात. पूर्ण आकाराचे अ‍ॅम्प्लिफायर साधारण ४३० ते ४४० मिलिमीटर रुंद असतात. दोन्ही बाजूंना हवा खेळावी आणि हात जावा इतकी जागा सोडली, तर खणाची आतली रुंदी ५५० मिलिमीटरच्या आसपास येते. १२०० मिलिमीटरच्या स्टँडमध्ये मधोमध एक उभी फळी घातली की असे दोन खण आपोआप तयार होतात, आणि वरच्या उदाहरणातला साडेनऊ मिलिमीटरचा बाक सुमारे ०.६ मिलिमीटरवर येतो, कारण प्रत्येक भागाची लांबी निम्मी आणि त्यावरचे वजनही निम्मे झालेले असते. ती उभी फळी खाली जमिनीपर्यंत टेकलेली हवी, म्हणजे तिच्याखाली स्टँडला पाचवा पाय हवा. तो पाय दिसतो म्हणून गाळला, तर वरच्या फळीचा सगळा भार ती उभी फळी तळाच्या फळीच्या मध्यावर आणून ठेवते, आणि बाक फक्त एक मजला खाली उतरतो.