यलोनाईफ ते इकालुइट : अंतर किती, वेळ किती?

कॅनडाच्या उत्तर टोकाकडे दोन छोट्या राजधान्या आहेत. पश्चिमेला नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची यलोनाईफ, पूर्वेला बॅफिन बेटावर नुनावुतची इकालुइट. १९९९ साली नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला, तोवर इकालुइटचा कारभारही यलोनाईफहूनच चालत असे. दोन्ही गावांना जोडणारा ना रस्ता, ना रेल्वे. जायचं तर विमानानंच.

सपाट नकाशावर हे अंतर प्रचंड दिसतं. दोन्ही गावं साधारण ६३ अंश उत्तरेला आणि त्यांच्या रेखांशांत फरक जवळपास ४६ अंशांचा. मुंबईच्या अक्षवृत्तावरून पूर्वेला ४६ अंश सरकलो, तर आपण हाँगकाँगही मागे टाकून फिलिपिन्सच्या अलीकडच्या समुद्रात पोहोचू. म्हणजे ४,८०० किलोमीटर. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. एका रेखांशाची रुंदी मुंबईपाशी १०५ किलोमीटर, तर इथे जेमतेम ५०. म्हणून अक्षवृत्त धरून गेलं तरी ही वाट २,३०० किलोमीटरच भरते.

त्याहूनही जवळची वाट आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर या दोन गावांमध्ये दोरा ताणून बघाच. दोरा अक्षवृत्तावर राहत नाही, उत्तरेकडे सरकतो. मध्यावर तो अक्षवृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर वर असतो आणि तरीही एकूण अंतर २,२६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे थोडं कमीच, येतं. गोलावरची ही सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, गोलावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, तुकडा असतो. नकाशावर वाकडी दिसणारी रेषा प्रत्यक्षात सरळ असते, हे दोऱ्यानं स्वतः पाहिल्यावर जितकं पटतं तितकं आकडेमोडीनं पटत नाही.

मग वेळ? ताशी ७८० किलोमीटरनं जाणारं जेट, वारा नसेल तर, २ तास ५४ मिनिटं घेईल. पण जेट उडतं त्या उंचीवर वारा बहुतेकदा पश्चिमेकडून वाहतो. तो ताशी १०० किलोमीटर धरला, तर जाताना २ तास ३४ मिनिटं आणि येताना ३ तास २० मिनिटं. जाताना कमावलेलं येताना फिटत नाही : दोन्ही मिळून ६ मिनिटं जास्तच लागतात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. शिवाय वर चढणं, खाली उतरणं, धावपट्टीवरची मिनिटं वेगळीच. वाटेत रॅन्किन इन्लेटला थांबलं तर अंतर फक्त ५० किलोमीटरनं वाढतं, पण चढ-उतार दोनदा करावी लागते आणि थांब्याचा वेळही जातो.

वेळापत्रक वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इकालुइटचं घड्याळ यलोनाईफच्या दोन तास पुढे आहे. सकाळी ९ ला निघून अडीच तासांत पोहोचलात, तर तिथे दुपारचे दीड वाजलेले असतात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र इंधनाचा हिशेब. इकालुइटवर बर्फाचं वादळ आलं आणि उतरता आलं नाही, तर शेजारी दुसरी मोठी धावपट्टी नाही. दक्षिणेला कूजुआकला वळायचं म्हटलं तरी आणखी सुमारे ६३० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते हैदराबाद. तेवढं इंधन, आणि वर थोडं राखीव, निघतानाच टाकीत असावं लागतं. त्याचं वजन प्रत्येक फेरीत वाहावं लागतं, आकाश निरभ्र असलं तरी.