पिग्मीच्या गावात माइल्स

गेल्या दिवाळीच्या आधी बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत मी काकींबरोबर कानातले घ्यायला गेलो होतो. बिल साठ हजारांचे झाले. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने आपल्या क्रेडिट कार्डावर आईच्या नावाचे ॲड-ऑन कार्ड काढून दिले आहे, ते काकींनी पर्समधून काढताच गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "कार्ड घालताय तर दोन टक्के वर पडतील बघा काकी. फोनपे केलात तर काही नाही." काकींनी तिथूनच मुलाला फोन लावला. त्याचे म्हणणे असे की कार्डच घाल, माइल्स मिळतात, म्हणजे विमानाच्या तिकिटासाठी वापरता येणारे गुण. त्या कार्डावर शंभर रुपयांच्या खर्चाला एक माइल मिळतो, म्हणजे साठ हजारांवर सहाशे. आणि दोन टक्के म्हणजे बाराशे रुपये. एक माइल दोन रुपयांना खपला तर हिशेब बरोबरीत सुटेल, एरवी तोटा. देशांतर्गत तिकिटावर माइलला रुपयाच्या आसपास किंमत आली तरी पुष्कळ. काकींनी चेक दिला.

सराफांनी सांगितलेले ते दोन टक्के हेच माइल्सच्या सगळ्या व्यवहाराचे मूळ आहे. ग्राहक कार्ड फिरवतो तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही. ठरावीक टक्केवारी कापली जाते आणि तिचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्या वाट्यातून बँक विमान कंपनीकडून माइल्स विकत घेते आणि ग्राहकाला बक्षीस म्हणून देते. कापली गेलेली ही टक्केवारी दुकानदाराने ग्राहकाकडूनच वसूल करायचे ठरवले, तर ग्राहक आपले बक्षीस आपणच विकत घेतो.

बेळगावात घरोघरी ओळखीची बचत म्हणजे पिग्मी. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये दिवसाला दोन आण्यांपासून ही ठेव सुरू केली आणि सीमाभागातल्या पतसंस्थांनी व सहकारी बँकांनी ती आपलीशी केली. खडेबाजारात, गणपत गल्लीत आजही संध्याकाळी पिग्मीवाला दुकानांच्या पायऱ्या चढतो. पूर्वी पावतीपुस्तक असे, आता हातात छोटे यंत्र असते. थेंबे थेंबे साठण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे, की कार्डाच्या स्टेटमेंटवर दर महिन्याला वाढणारा माइल्सचा आकडाही आमच्या लोकांना पिग्मीसारखाच वाटतो. पिग्मीतला रुपया मात्र आपला असतो. माइल्सचे कूळ वेगळे आहे.

ते कूळ अमेरिकेतल्या दुकानी तिकिटांचे. स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ मध्ये हिरवी तिकिटे छापून दुकानदारांना विकायला सुरुवात केली. दुकानदार खरेदीच्या प्रमाणात ती गिऱ्हाइकाला देत, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवत असे आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात भांडी किंवा घरातल्या वस्तू मिळत. एका वस्तूला किती वह्या लागतील हे कंपनी ठरवत असे. वही गिऱ्हाइकाच्या कपाटात आणि दर कंपनीच्या हातात, ही रचना सव्वाशे वर्षांत बदललेली नाही.

विमान कंपन्यांना हा मार्ग धरायला लावला तो कायद्यातल्या बदलाने. १९७८ पर्यंत अमेरिकेत कोणती कंपनी कोणत्या मार्गावर किती भाडे घेणार हे सरकारी मंडळ ठरवत असे. ऑक्टोबर १९७८ च्या कायद्याने ते बंधन उठले आणि एकाच मार्गावर चार कंपन्या भाडी पाडून भिडू लागल्या. नेहमीचा प्रवासी टिकवायचा तर भाड्याव्यतिरिक्त काहीतरी द्यायला हवे होते, आणि कंपनीकडे द्यायला सर्वांत स्वस्त वस्तू होती ती रिकामी जाणारी खुर्ची. टेक्सास इंटरनॅशनलने १९७९ मध्ये अंतरावर आधारलेली योजना आणली. तिला मोठे रूप दिले अमेरिकन एअरलाइन्सने, १ मे १९८१ रोजी 'ए-ॲडव्हांटेज' सुरू करून. आरक्षणासाठी त्यांच्याकडे आधीपासून 'सेबर' ही संगणक यंत्रणा होती, त्यामुळे वारंवार उडणारे प्रवासी कोण हे नोंदींतूनच काढता आले. युनायटेडने काही दिवसांतच आपली योजना जाहीर केली.

तोवर माइल म्हणजे खरोखरच उडलेला मैल होता. तो जमिनीवर आला कार्डामुळे. हॉटेलचे बिल सहीवर भागवण्यासाठी निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड १९५० चे. बँक ऑफ अमेरिकेने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात न मागताच साठ हजार कार्डे टपालाने घरी पाठवली, तिथून बँकांच्या कार्डांचा पसारा वाढला. कॉन्टिनेंटलने १९८६ मध्ये मरीन मिडलँड बँकेबरोबर आणि अमेरिकन एअरलाइन्सने १९८७ मध्ये सिटी बँकेबरोबर कार्ड काढले, आणि किराण्याच्या बिलावरही माइल्स मिळू लागले. कंपनीच्या दृष्टीने हा धंदाच उलटा झाला: आधी ती निष्ठेपोटी माइल्स देत होती, आता बँकेला ते रोख पैशाला विकू लागली, आणि खुर्ची द्यायची वेळ कित्येक वर्षांनी येणार किंवा कधीच येणार नाही. १९९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने एकाच खात्यातले गुण वेगवेगळ्या विमान कंपन्यांकडे वळवण्याची सोय काढली. आज भारतात 'ट्रान्सफर पार्टनर' म्हणून जे सांगितले जाते त्याची सुरुवात तिथली.

या छापखान्यातून किती माल बाहेर पडला, याची एक गंमत १९९९ ची आहे. कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरची माइल्सची जाहिरात नीट वाचली, तीत सर्वांत स्वस्त बसणारी पुडिंगची बारा हजारांहून अधिक पाकिटे सुमारे तीन हजार डॉलरना उचलली, वेष्टने काढण्याच्या श्रमाच्या मोबदल्यात पुडिंग एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकले आणि साडेबारा लाख माइल्स पदरात पाडून घेतले. हिशेब इतका चोख, की निपाणीच्या तंबाखू बाजारातल्या जुन्या दलालानेही मान डोलावली असती. गंमत सोडली तर या मालाची खरी किंमत उघड झाली २०२० मध्ये: कोविडमुळे विमाने जमिनीवर असताना युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलरचे कर्ज उभारले. त्या योजनेचे मूल्य जवळपास २२ अब्ज डॉलर धरले होते. धावपट्टीवर उभ्या विमानांपेक्षा वहीवर सावकाराचा विश्वास जास्त बसला.

भारतात हे सगळे उशिरा आले, कारण १९५३ च्या कायद्याने नियमित हवाई वाहतूक सरकारी महामंडळांकडे गेली होती. एकच विक्रेता असताना गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याची गरज नसते. जेट एअरवेज १९९३ मध्ये उडू लागली, १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि त्याच दशकात सरकारी कंपन्यांची 'फ्लाइंग रिटर्न्स' आणि जेटची 'जेट प्रिव्हिलेज' या योजना रुळल्या. कार्डांच्या बाजूने सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये कार्ड काढले होते, पण पसारा वाढला तो १९९० मध्ये सिटी बँक या बाजारात उतरल्यानंतर, आणि तोही महानगरांत.

बेळगावकराला या खेळात शिरायला दोन्ही दारे अरुंद होती. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. उत्तर कर्नाटकातली ती सर्वांत जुनी. पण तिथे हवाई दलाचे प्रशिक्षण जितके नियमित चालले तितकी प्रवासी विमाने कधी नियमित आली नाहीत. बंगळूरला राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, पुण्या-मुंबईला रात्रीची बस, हीच वहिवाट. दुसरे दार कार्डाचे. प्रवासाची वरच्या दर्जाची कार्डे बँका ठरावीक पिनकोडांनाच देत. उद्यमबागेत फौंड्री चालवणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची वर्षाची उलाढाल कोटीत असूनही एका बँकेने 'पिनकोड बसत नाही' म्हणून त्यांचा अर्ज परत केला; त्यांच्याच बंगळूरच्या भाच्याला, पहिल्या पगाराच्या पावतीवर, तेच कार्ड आठवड्यात मिळाले. त्यामुळे हिंदवाडी-टिळकवाडीतल्या पुष्कळ घरांत माइल्स आले ते परगावी गेलेल्या मुलांच्या ॲड-ऑन कार्डांतून, आणि आईवडिलांच्या खर्चावरचे माइल्स आजही मुलांच्याच खात्यात जमतात.

मधल्या काळात भारतातल्या वह्या अनेकदा फाटल्या. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि 'किंग क्लब'च्या गुणांना खुर्चीच उरली नाही. जेट १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटची उडाली; तिची माइल्सची योजना मात्र वेगळ्या कंपनीत काढलेली असल्याने वाचली आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' हे नाव घेऊन हॉटेले व खरेदीकडे वळली. विमान बुडाले आणि माइल्स तरले, हा प्रकार विरळा. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा 'क्लब विस्तारा'चे गुण एअर इंडियाच्या योजनेत गेले. तीच आता 'महाराजा क्लब' म्हणून चालते. बँकेच्या बाजूलाही हेच: सिटी बँकेचा भारतातला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय १ मार्च २०२३ रोजी ॲक्सिस बँकेकडे गेला आणि ज्यांनी कधी ॲक्सिसकडे अर्ज केला नव्हता ते तिचे कार्डधारक झाले.

वही न फाटताही माल कमी होतो. अमेरिकेत डेल्टा व युनायटेडने २०१५ पासून आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ पासून उडलेल्या अंतराऐवजी मोजलेल्या भाड्यावर माइल्स देणे सुरू केले. म्हणजे नावापुरताच 'माइल' उरला. खर्चताना अंतरानुसार ठरलेला तक्ता जाऊन त्याच्या जागी रोज बदलणारा दर आला. कापल्या जाणाऱ्या टक्केवारीवर सरकारचा हात पडला तरी माइल्स आटतात: ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये बँकांमधले शुल्क उतरवल्यावर तिथल्या कार्डांचे गुण घटले, आणि युरोपात २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावर ०.३ टक्क्याची मर्यादा आल्यावर तिथे उदार कार्डे दुर्मीळ झाली. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचे शुल्क शून्य केले गेले. क्रेडिट कार्डाला तशी मर्यादा नाही. म्हणून फोनपेवर दिलेल्या पैशावर माइल मिळत नाही, आणि सराफांच्या तोंडी 'काही नाही' हे शब्द येतात. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, तेव्हा कुंद्याच्या दुकानातला क्यूआर कोडही माइल्स देऊ लागला. लहान दुकानदारांना दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नसल्याने बँकाही तिथे हात आखडूनच गुण देतात. घरभाडे कार्डाने भरून माइल्स करण्याची युक्ती मात्र त्याच सुमारास बँकांनी एक टक्का शुल्क लावून किंवा गुण बंद करून अडवली.

माइल्सच्या या हिशेबात व्याज धरलेले नाही. पूर्ण बिल मुदतीत न भरल्यास दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागते. एका महिन्याची थकबाकी तीन महिन्यांचे माइल्स गिळते. ज्याचे बिल थकते त्याने या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चण्याचा प्रश्न बेळगावात अजून वेगळा आहे. केंद्राच्या उडान योजनेत, जिथे तासाभराच्या प्रवासाला सुमारे २५०० रुपयांच्या मर्यादेत काही खुर्च्या राखल्या जातात, हुबळीचा समावेश आधी झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये सांबऱ्याला नवी इमारत झाली, आणि पुढच्याच वर्षी इथली विमाने हुबळीला गेली. जानेवारी २०१९ च्या तिसऱ्या फेरीत बेळगावचे नाव आले, तेव्हा कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर आपली पन्नास आसनी विमाने घेऊन आली, इंडिगो त्यानंतर. या दोन्ही कंपन्या कोणत्याही जागतिक आघाडीच्या, म्हणजे एकमेकींचे माइल्स चालवून घेणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटाच्या, सदस्य नाहीत, तर कार्डावरचे बहुतेक गुण अशा आघाड्यांतल्या कंपन्यांकडे वळतात. परिणामी कमाई खडेबाजारात, पण खर्च करायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला, नाहीतर पुण्या-मुंबईला जावे लागते.

काकींच्या मुलाने या मे महिन्यात आईवडिलांची गोव्यातल्या मोपा ते दिल्ली अशी तिकिटे माइल्सवर काढली. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि इथून तो दाबोळीपेक्षा सोयीचा पडतो. भाडे शून्य दिसत होते. विमानतळाचे शुल्क आणि कर रोखीने भरावे लागले, आणि परतीच्या विमानाला माइल्सवर द्यायची खुर्ची शिल्लक नसल्याने ते तिकीट पैशाने काढले. पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला गाडी करावी लागली ती वेगळीच. खात्यात उरलेले चार हजार माइल्स एकट्याने कुठलेही तिकीट काढू शकत नाहीत, आणि त्यांची मुदत मार्चअखेर संपते.