घरी शिकणाऱ्या मुलाचा स्पर्धेचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अडणारा रकाना

ऑनलाईन अर्जात मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक भरून होतो आणि मग लाल चांदणी लावलेला रकाना येतो: शाळेचा यू-डायस क्रमांक. सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला हा ओळख क्रमांक अकरा आकडी असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांचा २७०१ ने सुरू होतो, धुळ्याचा २७०२ ने, जळगावचा २७०३ ने. मूल शाळेत न जाता घरी शिकत असेल तर तिथे भरायला काही नसतं आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. सेतू केंद्रावरचा मुलगा म्हणतो, 'शाळेचा नंबर घेऊन या, मग भरू.' बरेच पालक तिथूनच घरी परततात.

परतण्याआधी एक गोष्ट तपासायची असते. आपल्याला अडवतंय कोण, स्पर्धेचा नियम की अर्जाचा रकाना? कधी नियमपत्रिकेत '१० ते १४ वयोगटातील मुले' एवढंच असतं, पण अर्ज तयार करणाऱ्याने शाळेचा रकाना सवयीने सक्तीचा करून टाकलेला असतो. अशा ठिकाणी एका पत्राने काम होऊ शकतं. नियमातच 'मान्यताप्राप्त शाळेत शिकत असलेला विद्यार्थी' असं असेल तर मात्र पत्र, विनंती, ओळखपाळख, काही चालत नाही. तिथे वेळ घालवू नये. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या पोस्टरवरून काही ठरवू नका. मूळ माहितीपत्रक मिळवा आणि 'पात्रता' हा भाग शब्दन्‌शब्द वाचा.

आधी कायद्याचं

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं कलम १० म्हणतं. मात्र कर्तव्य पाळलं नाही तर पालकाला दंड किंवा शिक्षा काय, हे त्या कलमात नाही. घरी शिकवायला परवानगी देणारं कलमही या कायद्यात नाही आणि अशा मुलांची नोंदणी करायची सोयही नाही. त्यामुळे 'गृहशिक्षणाचा दाखला' नावाचा कागद कुठल्याही पंचायत समितीत मिळत नाही. कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारी येतात, तेव्हा काही पालक घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. 'मूल घरी शिकतं, शाळेत नाव नाही' हे सरळ सांगा. ते नोंद करतील, वयानुसार प्रवेशाबद्दल विचारतील. पुढे शाळेत घालावंसं वाटलं तर कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि आठवीपर्यंत जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. आपल्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, ते मात्र तुमच्यासाठी नाही; ते गाव सोडून जाणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या गावच्या शाळेत चालू राहावं म्हणून असतं.

जिथे दार खरंच बंद आहे

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा शाळेच्या लॉगिनमधूनच भरली जाते. पालकाला स्वतः भरता येत नाही. आठवीतली एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, तर आणखी अरुंद आहे. शासकीय, जिल्हा परिषद-नगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा हवी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. वर्षाला १२,००० रुपयांची ही शिष्यवृत्ती विनाअनुदानित इंग्रजी शाळेतल्या मुलालाही मिळत नाही. म्हणजे इथे फक्त तुमच्याच मुलाला डावललंय असं नाही. ही योजनाच ठरावीक शाळांसाठी आहे.

इन्स्पायर अवॉर्ड मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान योजनेत मुलांच्या कल्पना मागवतात आणि निवड झालेल्या मुलाला प्रयोग तयार करायला १०,००० रुपये देतात. पण ती कल्पना पाठवते शाळा, स्वतःच्या लॉगिनमधून. मला ही सगळ्यात खटकणारी गोष्ट वाटते. ठिबकच्या तुंबलेल्या नळीवर उपाय शोधणाऱ्या मुलाने तो शाळेच्या प्रयोगशाळेत शोधला की बापाच्या केळीच्या बागेत, याने काय फरक पडतो? पण आज नियम तसा आहे.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय क्रीडा स्पर्धा, म्हणजे १४, १७ आणि १९ वर्षांखालील, यांचंही तेच. खेळाडूच्या ओळखपत्रावर मुख्याध्यापकाची सही-शिक्का आणि जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला, क्रमांक लागतो.

जिथे दार उघडं आहे, पण कुणी सांगत नाही

खेळात दोन वाटा असतात आणि लोकांना एकच माहीत असते. शालेय स्पर्धा ही एक. दुसरी त्या त्या खेळाच्या संघटनेची, जिल्हा-राज्य-राष्ट्रीय अशी वयोगटानुसार. बुद्धिबळाचं उदाहरण घ्या, जळगावात त्याचं वातावरणही चांगलं आहे. राष्ट्रीय शालेय बुद्धिबळ स्पर्धेला शाळेचं बोनाफाईड, म्हणजे मूल तिथे शिकत असल्याचा दाखला, लागतं. पण वयोगटाच्या अजिंक्यपद स्पर्धांना खेळाडूची संघटनेकडे नोंदणी आणि जन्माचा दाखला लागतो, शाळा नाही. कुस्ती, मैदानी खेळ, पोहणं यांतही संघटनेच्या सब-ज्युनियर, ज्युनियर स्पर्धा वयावर चालतात. जिल्हा संघटनेच्या सचिवाला विचारताना 'शाळेच्या स्पर्धा कधी' असं विचारू नका. 'जिल्हा निवड चाचणी कधी' असं विचारा.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ मध्ये सुरू झाली. १० ते १७ वयाची मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नावर गटाने प्रकल्प करतात, आणि तिच्या रचनेतच शाळेबाहेरच्या मुलांना जागा ठेवलेली होती. जिल्हा समन्वयकाकडे जाताना ही गोष्ट माहीत असलेली बरी, कारण समोरचा शिक्षक बहुधा 'शाळेमार्फत या' असंच म्हणेल. राज्य बालनाट्य स्पर्धेत प्रवेशिका संस्थेची असते. गावातल्या नोंदणीकृत नाट्यसंस्थेच्या संघात तुमचं मूल काम करू शकतं, ते कोणत्या शाळेत जातं हा प्रश्नच येत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायन-वादनाच्या परीक्षाही केंद्रामार्फत होतात, शाळेमार्फत नाही.

ऑलिम्पियाडकडे जरा सावकाश बघा. गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडचा नियम असा आहे की स्पर्धक २० वर्षांखालचा असावा आणि विद्यापीठात दाखल झालेला नसावा. पण तिथवर पोहोचायचं तर आधी देशातल्या टप्प्यांतून जावं लागतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखालच्या या परीक्षांच्या पत्रकात नागरिकत्व, जन्मतारखेची चौकट आणि इयत्ता असं सगळं दिलेलं असतं. त्यातलं इयत्तेचं वाक्य दरवर्षी नव्याने वाचा आणि शंका असेल तर नोंदणीच्या आधीच ईमेलने विचारा, परीक्षा दिल्यावर नाही. मुंबईच्या एका मुलीने शाळा सोडून घरी शिकत माहितीशास्त्राच्या, म्हणजे संगणक प्रोग्रॅमिंगच्या, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवलं. २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. तिला आयआयटीचं दार बंद होतं, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. पदकं घरच्या अभ्यासावर आली, तरी प्रवेशाला कागद लागतोच.

नवोदयची सहावीची निवड चाचणी ही स्पर्धा नव्हे, पण विचारणा फार होते म्हणून सांगतो. पाचवीत शिकणाऱ्या मुलांबरोबर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, पाचवीच्या तोडीच्या 'बी' पातळीच्या मुलांनाही तिथे पात्र धरत आले आहेत. मूल त्याच जिल्ह्यात शिकणारं हवं. त्या वर्षीच्या माहितीपत्रकात ही ओळ आहे का, ते बघूनच पुढे जा.

कागदांची फाईल

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद जन्माचा दाखला. शाळेतल्या मुलाचं वय बोनाफाईडवर सिद्ध होतं, तुमच्या मुलाचं यावरच होणार. इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. राहता शिरपूरला, पण नोंद असते पाचोऱ्याच्या नगरपालिकेत, आणि तिथे बाळाच्या नावाचा रकाना कोराच, कारण बारसं नंतर झालं. दाखला काढून बघा. नाव नसेल तर जिथे जन्मनोंद झाली तिथेच अर्ज करून घालून घ्यावं लागतं. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि असे उशिरा नोंदवलेले दाखले खेळ संघटना बारकाईने तपासतात. नावाचं स्पेलिंग दाखल्यावर आणि आधारवर एकसारखं करून घ्या. ही कामं स्पर्धेची जाहिरात आल्यावर होत नाहीत.

दुसरा कागद पालकाचं स्वयंघोषणापत्र. साध्या कागदावर: मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, 'सदर पाल्य कोणत्याही शाळेत दाखल नसून घरी शिक्षण घेत आहे', आणि माहिती खरी असल्याची सही. आयोजकाने मुद्दाम मागितल्याशिवाय स्टॅम्प पेपरवर पैसे घालवू नका. रहिवासासाठी रेशनकार्ड किंवा वीजबिल, आणि मुलाचे अलीकडचे फोटो.

तिसरा कागद ज्याला त्याला मिळत नाही, पण मिळाला तर बरीच दारं उघडतात: कुठल्या तरी मुक्त मंडळाची नोंदणी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, दहावीसाठी किमान वय १४ पूर्ण लागतं. आठवीचा दाखला नसेल तर हा अभ्यासक्रम झेपेल असं स्वतःचं घोषणापत्र चालतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर; एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो. नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्र हातात आलं की 'शाळा / मंडळ' या रकान्यात लिहायला काहीतरी असतं. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ त्याहून लहान मुलांना घेतं: पाचवीसाठी १० वर्षं पूर्ण, आठवीसाठी १३. अर्ज संपर्क केंद्र असलेल्या शाळेत होतो.

हे पाचवीचं प्रमाणपत्र पुढे १७ नंबर फॉर्मला उपयोगी पडतं. राज्य मंडळाची दहावी खाजगी उमेदवार म्हणून द्यायची तर पाचवी पास असणं आणि १४ वर्षं पूर्ण असणं अशी अट आहे, शिवाय शाळा सोडल्याचा दाखला मागतात. नंदुरबार, धुळे, जळगाव हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. चौथीनंतर शाळेतून काढलेलं मूल इथे अडकतं. म्हणून काढायचंच असेल तर पाचवी होऊ द्या आणि दाखला त्याच वेळी घ्या.

'नाव घालून ठेवा ना'

हा सल्ला तुम्हाला मिळणारच, बहुधा एखाद्या ओळखीच्या संस्थाचालकाकडून. मूल घरी, नाव शाळेत, हजेरी लागलेली. स्पर्धेपुरतं सोपं दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. खोट्या हजेरीवरचं बोनाफाईड देऊन मूल जिंकलं आणि हरलेल्या मुलाच्या पालकाने तक्रार केली, तर बक्षीस तर जातंच, बदनामी त्या बारा वर्षांच्या पोराची होते. शाळेत नाव हवं असेल तर खरंच घाला आणि खरंच पाठवा.

पत्र कसं लिहायचं

नियम आड येत नाही, फक्त रकाना येतो, अशी खात्री झाली की शेवटच्या तारखेच्या बरंच आधी आयोजकाला लेखी द्या. फोनवर 'बघू' असं उत्तर मिळतं, त्याचा उपयोग नाही. मजकूर एवढा पुरे:

'महोदय, माझी मुलगी, वय १२, घरी शिक्षण घेते. तिची कोणत्याही शाळेत नोंद नाही. आपल्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात १० ते १४ हा वयोगट दिला असून शाळेत दाखल असण्याची अट दिसत नाही. ऑनलाईन अर्जात मात्र यू-डायस क्रमांक भरल्याशिवाय अर्ज जमा होत नाही. तरी तिला वैयक्तिक स्पर्धक म्हणून प्रवेश देता येईल का, हे कृपया लेखी कळवावे. जन्माचा दाखला, आधारची प्रत व स्वयंघोषणापत्र सोबत जोडले आहे.'

घरी शिकवणं कसं चांगलं, शाळा कशा बिघडल्या, यातलं एक अक्षरही पत्रात नको. वाचणारा बहुतेक शिक्षकच असतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. दुसऱ्या शाळेचा यू-डायस टाकून अर्ज पुढे सरकवण्याचा सल्ला केंद्रावर मिळाला तर ऐकू नका, पुढे पडताळणीत तो अर्ज बाद होतो. वाचनालयाची किंवा गणेश मंडळाची वक्तृत्व, निबंध, चित्रकला स्पर्धा असेल तर पत्राचीही गरज नाही. सचिवांना जाऊन भेटा, वहीत नाव लिहून घेतात.

नकार आला आणि स्पर्धा सरकारी कार्यालयाची असेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'माझ्या मुलीला का घेतलं नाही' असं विचारू नका; कारणं विचारली की उत्तर टोलवतात. 'या स्पर्धेच्या पात्रतेबाबतचा शासन निर्णय, परिपत्रक व नियमावली यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात' असं मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांचा स्टॅम्प लावून अपील करा. यंदाची स्पर्धा तोवर होऊन गेलेली असते, पण नियमाची प्रत पुढच्या वर्षीच्या अर्जाला जोडता येते.