प्लेस्टेशन २ च्या हार्ड डिस्कवर गेम चढत नसेल तर आधी हे पाहा

हे पत्रक जाड बॉडीच्या प्लेस्टेशन २ साठी आहे, म्हणजे मागच्या लेबलवर एससीपीएच-३०००० ते ५०००० असा मॉडेल नंबर असलेल्या मालिकांसाठी. त्यांच्या मागच्या कप्प्यात नेटवर्क अडॅप्टर आणि साडेतीन इंची डिस्क बसते. स्लिम मॉडेलला हा कप्पाच नाही, त्यामुळे त्यावर पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून गेम चालवतात. त्याचा यूएसबी पोर्ट जुन्या १.१ प्रकारचा आहे. पेनड्राइव्हवरच्या गेममधले व्हिडिओ अडखळले तर तो पेनड्राइव्हचा दोष नसतो.

दुकानात ‘गेम चढत नाही’ असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, अडलं कुठं? कॉम्प्युटरला डिस्कच दिसत नाही? गेम चढला, पण टीव्हीवरच्या यादीत येत नाही? की यादीत आहे, पण निवडल्यावर स्क्रीन काळी होते? तिन्हींची कारणं निरनिराळी आहेत. चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली की चांगली भरलेली डिस्क हकनाक फॉरमॅट होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

कन्सोलची डिस्क कॉम्प्युटरला लावल्यावर विंडोज ‘डिस्क इनिशिअलाइज करा’ असं विचारतं. तिथं कधीही ‘ओके’ दाबू नका, ‘कॅन्सल’च करा. या डिस्कची मांडणी एपीए नावाच्या वेगळ्या पद्धतीची असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून त्याला डिस्क कोरी वाटते. ‘ओके’ दाबलं की विंडोज डिस्कच्या अगदी सुरुवातीला आपली नोंद लिहितं आणि तिथली एपीएची मूळ नोंद पुसली जाते. गेम डिस्कवरच असतात, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट राहत नाही. आमच्याकडं परत येणाऱ्या डिस्कमध्ये हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

कॉम्प्युटरला डिस्क दिसत नसेल तर

डिस्क कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबी-आयडीई अडॅप्टरसोबत १२ व्होल्टचा वेगळा चार्जर येतो. तो लावलाय का ते पाहा. साडेतीन इंची डिस्कची मोटर नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. डिस्कवर बोट ठेवा. बारीक थरथर जाणवली नाही तर वीजच पोचत नाही. जंपर (डिस्कच्या मागची पिनांवरची छोटी टोपी) ‘मास्टर’वर असू द्या. कनेक्टरच्या मधोमध एक पिन कमी दिसते, ती तुटलेली नाही. विसावी पिन मुळातच नसते, केबल उलटी लागू नये म्हणून. बाकीची एखादी वाकली असेल तर बारीक चिमट्यानं हळूच सरळ करा.

एवढं करूनही दिसली नाही तर ज्यानं गेम चढवता त्या प्रोग्रॅमवर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. त्याशिवाय विंडोज प्रोग्रॅमला डिस्कवर थेट हात घालू देत नाही. एचडीएल डम्प या गेम चढवायच्या प्रोग्रॅममध्ये ‘क्वेरी’ ही कमांड दिली की जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी येते. आपल्या डिस्कपुढं ‘फॉरमॅटेड प्लेस्टेशन २ एचडीडी’ लिहिलेलं दिसलं तर पाया शाबूत आहे. विनहिप हा दुसरा प्रोग्रॅमही चालतो, पण तो जुना आहे. आम्ही स्वतः एचडीएल डम्पच वापरतो.

डिस्क १६० जीबीची असून १३७ जीबीच दिसत असेल, तर जुना, २८ बिट पत्त्यांवर चालणारा प्रोग्रॅम वापरला गेलाय. ४८ बिटवाला वापरा. त्यात २ टीबीपर्यंतची डिस्क चालते.

चढवताना

डीव्हीडीवरचा एक गेम साडेचार जीबीच्या आसपास असतो. यूएसबी २.० वर त्याला साधारण तीन ते पाच मिनिटं लागतात. तास उलटला तर डिस्क जुन्या यूएसबी १.१ पोर्टात लावली आहे, पोर्ट बदला.

मध्येच लाईन गेली तर मात्र पंचाईत. एपीएमध्ये प्रत्येक भागाच्या नोंदीत मागच्या-पुढच्या भागाचा पत्ता असतो, जशी साखळीत कडीला कडी. लिहिणं अर्धवट तुटलं तर तो गेम जातोच, कधी पुढची साखळीही तुटते. लॅपटॉपची बॅटरी इथं पुरत नाही, कारण डिस्कचा चार्जर बोर्डावरच असतो. भारनियमनाची वेळ पाहून काम करा, नाहीतर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

यादीत गेम येत नसेल तर

कन्सोल पूर्ण बंद करा. नेटवर्क अडॅप्टरचे मागचे दोन मोठे स्क्रू नाण्यानं फिरतात, ते शेवटपर्यंत आवळा. एका बाजूनं सैल राहिला की डिस्क ओळखली जात नाही. मग ओपन पीएस२ लोडरच्या (कन्सोलवर गेमची यादी दाखवून गेम सुरू करणारा प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये एचडीडी ‘ऑफ’ असेल तर ‘ऑटो’ करा आणि बदल सेव्ह करायला विसरू नका.

निवडल्यावर स्क्रीन काळी

आधी पाहा, गेम सीडीचा की डीव्हीडीचा? निळ्या तळाच्या डिस्क सीडी असतात. सीडीचा गेम एचडीएल डम्पच्या ‘इंजेक्ट डीव्हीडी’ कमांडनं चढवला तर तो यादीत दिसेल, पण सुरू होणार नाही. काढून ‘इंजेक्ट सीडी’नं पुन्हा चढवा.

त्यानंतर शंका आयएसओ फाइलची, म्हणजे मूळ डिस्कवरून कॉम्प्युटरवर बनवलेल्या नकलेची. ओरखडे पडलेल्या डिस्कवरून फाइल पूर्ण बनल्यासारखी दिसते, पण आतला काही भाग चुकीचा वाचलेला असतो. तीच डिस्क दोनदा वाचून दोन फाइली बनवा आणि दोघींचा एमडी५ (फाइलीतल्या माहितीवरून काढलेला ओळख-आकडा) जुळवा. जुळला नाही तर डिस्क पुसा किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचा. आम्ही फक्त ग्राहकाच्या स्वतःच्या डिस्कवरून गेम चढवून देतो, आणि ही तपासणी त्यातच धरलेली असते.

फाइल बरोबर असेल तर लोडरमध्ये त्या गेमच्या सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटी मोड (अडणारे गेम चालावेत म्हणून दिलेले पर्याय) बदलून पाहा. एका वेळी एकच, मोड १ पासून. सगळे एकदम लावले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. चित्र काळं-पांढरं होऊन वरखाली सरकत असेल तर डिस्कला हात लावू नका. तो अमेरिकी एनटीएससी गेम आणि जुन्या पाल टीव्हीचा बेबनाव आहे; एनटीएससी आणि पाल या चित्र दाखवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत.

उन्हाळा आणि कापूस

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. कन्सोलच्या आत पंख्याजवळ डिस्क कोंडलेली असते. मागं वीतभर जागा मोकळी ठेवा. भाव येईपर्यंत घरात कापूस भरून ठेवला असेल तर कन्सोल त्या खोलीत ठेवू नका. तंतू पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि हवा अडते. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं जाळी साफ करा.

दुकानात आणताना नुसती डिस्क आणू नका. नेटवर्क अडॅप्टर, मेमरी कार्ड आणि अडलेल्या गेमची मूळ डिस्क सोबत आणा. फॉरमॅट करण्याआधी आम्ही तुम्हाला विचारतो. खेळातली प्रगती मेमरी कार्डवर असते. लोडरमधलं आभासी मेमरी कार्ड सुरू केलं नसेल तर हार्ड डिस्क पुसली तरी ती जात नाही.