रेणवीय जीवविज्ञान संशोधन संस्था

रेणवीय जीवविज्ञान संशोधन संस्था : पेशीतील डीएनए, आरएनए आणि प्रथिने यांची रचना व कार्य तपासून सजीवांचे व्यवहार आणि त्यांतले बिघाड उलगडणारी संस्था. ती विद्यापीठाच्या आवारात असली की शिकणे आणि शोधणे हातात हात घालून चालते. पीएच.डी.चा विद्यार्थी सकाळी जो प्रयोग लावतो, तोच दुपारी एम.एस्सी.च्या मुलांना शिकवतो.

डीएनएची दुपेडी रचना १९५३ मध्ये उलगडली. भारतात १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभारला, तर हैदराबादचे सीसीएमबी (पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र) १९७७ मध्ये सुरू झाले. या दोन्ही संस्था विद्यापीठांबाहेर वाढल्या. विद्यापीठीय संस्थांमध्ये ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड विद्यापीठाची संस्था (२०००) आणि पुणे विद्यापीठाची जैवमाहितीशास्त्र व जैवतंत्रज्ञान संस्था (२००२) यांचा उल्लेख करता येईल.

अशा संस्थेपुढे प्रश्न कोणते असावेत, हे नाशिक जिल्ह्यात फिरले की कळते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हिमोग्लोबिन या रक्तातल्या ऑक्सिजनवाहू प्रथिनाची एक साखळी घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकात डीएनएच्या एकाच अक्षराचा फरक पडतो, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, आणि प्रथिनसाखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब धागे बनवते, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रुग्णाचे हातपाय, पाठ असह्य दुखते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला ‘रेणवीय आजार’ म्हटले. एखाद्या आजाराचे मूळ रेणूच्या रचनेत दाखवणारे ते पहिले संशोधन होते.

गावपातळीवर आधी सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणी होते. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते. माणूस वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला) आहे की रुग्ण (दोन्ही प्रती सदोष असलेला), हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, मात्र दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने त्या वयात सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबता येत नाही. डीएनए चाचणीला ही अडचण नाही.

दुसरा प्रश्न निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी (डाउनी मिल्ड्यू) हा रोग येतो: पानावर तेलकट पिवळे डाग, खालून पांढरा थर आणि घडांचे नुकसान. डावणीचा सूक्ष्मजीव खऱ्या अर्थाने बुरशी नाही, तो ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातला आहे, आणि जिवंत वेलीशिवाय वाढत नाही. म्हणून तो काचेच्या बशीत वाढवून औषधाची परीक्षा घेता येत नाही. ताज्या पानांवरच खटाटोप करावा लागतो. त्याच्या सायटोक्रोम-बी जनुकात, प्रथिनाच्या १४३व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलानीन देणारा बदल झाला, की स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशके या जिवावर निष्प्रभ ठरतात. डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्राने हा बदल काही तासांत दिसतो. मग वाया जाणारी फवारणी टळते. बागाईतदाराच्या दृष्टीने रेणवीय जीवविज्ञानाचा याहून थेट उपयोग दुसरा नसेल.

नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे (स्थापना १९९८), तर शहरातली विज्ञान महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. माणसाच्या आणि पिकाच्या आजारांचा अभ्यास त्यामुळे वेगवेगळ्या छत्रांखाली चालतो, पण पीसीआर यंत्र आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर दोघांनाही तितकाच लागतो. अशी यंत्रे सामायिक असणे मला अत्यंत गरजेचे वाटते.

नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणे हेही कामच आहे. नळीतले रक्त थंड ठेवावे लागते, आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बर्फ मिळणे सोपे नसते. म्हणून बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावर टिपतात आणि सावलीत तीन-चार तास वाळू देतात. तो कागद पाकिटात घालून साध्या टपालाने पाठवता येतो, आणि त्या वाळलेल्या ठिपक्यातूनही डीएनए मिळतो.