स्पर्म व्हेलच्या डोक्यातला प्रतिध्वनी

व्हेलची 'उलटी' विकायला निघालेल्या कुणाला तरी राज्यात अधूनमधून अटक होते. बातमीत किंमत कोटींत असते. मग नाशकातल्या टपऱ्यांवर लासलगावचा कांदा बाजूला ठेवून अंबरग्रीसच्या, म्हणजे अत्तरासाठी वापरल्या जाणाऱ्या या 'उलटी'च्या, भावाची चर्चा सुरू होते. समुद्र घाटाखाली, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पण भाव सगळ्यांना पाठ!

मुळात ही उलटी नाहीच. स्पर्म व्हेलचं मुख्य खाणं म्हणजे माकूल (स्क्विड). माकुलाची चोच पचत नाही, म्हणून व्हेल त्या चोची अधूनमधून ओकून टाकतो. एखाद्या व्हेलच्या बाबतीत काही चोची पुढे आतड्यात सरकतात आणि त्यांच्याभोवती थर साचत जाऊन अंबरग्रीस बनतं. म्हणजे जे ओकलं गेलं नाही, ते हे. त्याच्या औषधी आणि कामोत्तेजक गुणांच्या कथांना पुरावा नाही. जुन्या नाशकात 'अंबर' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त अत्तराच्या कुपीतही व्हेलचं काही नसतं. हा सुगंध देणारं अँब्रॉक्साइड आता क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनवता येतं. स्पर्म व्हेल आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे किनाऱ्यावर सापडलेला गोळा विकणं हाही गुन्हाच.

पण या प्राण्याचा जीव अंबरग्रीसपायी गेला नाही, डोक्यातल्या तेलापायी गेला. मोठ्या नराच्या शरीराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग डोकंच असतं. त्यातल्या पिंपासारख्या अवयवात स्पर्मासेटी नावाचं मेणचट तेल भरलेलं असतं. आधी मेणबत्त्यांसाठी, पुढे यंत्रांच्या वंगणासाठी हे तेल काढलं गेलं. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख व्हेल मारले गेले. त्यांत साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल होते.

आता माझ्या आवडीचा भाग. हे तेल तिथे असतं कशासाठी?

स्पर्म व्हेल हजार मीटर खोल अंधारात शिकार शोधतो ती आवाजाने. नाकपुडीच्या खाली, डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाला ओठांसारख्या दोन जाड घड्या असतात. त्यांतून हवा दाबाने सुटली की 'टक्' असा आवाज होतो. गंमत म्हणजे हा आवाज सरळ पुढे जात नाही. त्याचा बहुतांश भाग तेलाच्या पिंपातून मागे, कवटीच्या दिशेने जातो. कवटीला लागून हवेची पिशवी असते. तेलातून आलेला ध्वनी हवेपाशी पोहोचला की जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो. दोन माध्यमांच्या ध्वनिरोधात, म्हणजे ध्वनीला होणाऱ्या विरोधात, प्रचंड फरक असला की असंच होतं. परतणारा ध्वनी खालच्या चरबीच्या भिंगांसारख्या थरांतून जातो, एकवटतो आणि झोत होऊन समुद्रात सुटतो. प्राणिसृष्टीत याहून मोठा आवाज कुणाचा नोंदलेला नाही.

थोडा ध्वनी मात्र पिंपातच अडकतो. तो पुढच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या हवेच्या पिशवीवर आपटून पुन्हा मागे जातो, पुन्हा परततो. म्हणून हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनवर, प्रत्येक 'टक्'मागे क्षीण होत जाणारे आणखी ठोके उमटतात, समान अंतराने. अंजनेरीच्या कड्यासमोर हाक मारली की प्रतिध्वनीच्या वेळेवरून कड्याचं अंतर काढता येतं, तसंच हे. स्पर्मासेटीत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,३७० मीटर. दोन ठोक्यांत ७ मिलिसेकंदांचं अंतर असेल, तर ध्वनी तेवढ्यात साडेनऊ मीटर गेला. जाऊन-येऊन धरलं तर पिंपाची लांबी सुमारे ४.८ मीटर. डोकं आणि शरीर यांचं प्रमाण ठाऊक असल्याने प्राणी साधारण १५ मीटरचा, म्हणजे मोठा नर. साडेतीन मिलिसेकंद आले तर लांबी १० मीटरच्या आसपास. ती मादी किंवा तरुण नर. व्हेल हायड्रोफोनकडे तोंड करून नसेल, तर ठोके एकमेकांत मिसळतात आणि वेगळे काढायला गणिताची मदत घ्यावी लागते. क्रॉस-कोरिलेशन, सेप्स्ट्रम वगैरे प्रकार आहेत. त्यांत इथे शिरत नाही.

ज्या पिंपासाठी त्याला मारलं, तेच पिंप त्याला हात न लावता मोजता येतं. व्यावसायिक शिकारीवरची बंदी आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ साली ठरवली आणि ती १९८६पासून लागू झाली. मग जपानने 'संशोधनासाठी' परवाने काढले. उत्तर पॅसिफिकमधल्या त्यांच्या कार्यक्रमात थोडे स्पर्म व्हेलही मारले गेले. अंटार्क्टिकमधल्या कार्यक्रमाचे परवाने संशोधनासाठी म्हणता येणार नाहीत, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. २०१९मध्ये जपान आयोगातूनच बाहेर पडला आणि आपल्या हद्दीतल्या समुद्रात उघडपणे व्यावसायिक शिकार करू लागला. एक मान्य करायला हवं: ठोक्यांवरून वय कळत नाही. पण कातडीच्या तुकड्यातून आणि विष्ठेतून नातेसंबंध, आहार, हार्मोन्स असं बरंच कळतं, आणि त्यासाठी प्राणी मरावा लागत नाही.

बंदिवासाचं गणितही आवाजापाशीच अडतं. स्पर्म व्हेल खेळासाठी पाळणं कुणाला जमलेलं नाही. टाक्यांत कोंडले जातात ते डॉल्फिन, बेलुगा आणि ओर्का. तेही आवाजाने जग पाहणारेच. काँक्रीटच्या भिंती काही मीटरवर असल्या की सोडलेला प्रत्येक आवाज लगेच अंगावर परत येतो. शोधायला तिथे काही नसतं. भारतात २०१३ साली केंद्र सरकारने डॉल्फिनेरियमना परवानगी न देण्याचं धोरण जाहीर केलं. तिकीट काढून डॉल्फिनला रिंगणातून उडी मारताना पाहायची हौस असलेल्यांनी कोकणात बोटीतून जाऊन मोकळे डॉल्फिन पाहावेत. चालकाला त्यांच्यामागे बोट पळवू देऊ नये, एवढंच.